उपाशी खानावळवाला

गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी मी सोलकढी न चाखता अख्ख्या खानावळीला वाढली.

यात एवढं काय, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. म्हणून आधी धंदा समजावतो. खानावळीत रोज तेच शिजतं, आणि रोज ते वेगळं असतं. नारळ एक दिवस जून, एक दिवस कोवळा. बांगडा कधी तुपाळ, कधी वाळक्या लाकडासारखा. मिरची तर बायकांच्या नणंदेसारखी, कुठल्या दिवशी कशी वागेल सांगता येत नाही. गिऱ्हाइकाला मात्र कालचीच चव हवी असते. कालची चव आज पुन्हा जन्माला घालायची, हा आमचा धंदा. त्यासाठी देवाने एकच हत्यार दिलंय, जीभ. डावातला थेंब तळहातावर घ्यायचा, जिभेला लावायचा, आणि मग मीठ की आंबटाला सोलं ते ठरवायचं. हे मी तीसेक वर्षं करत आलो. मालवणात बंदराच्या रस्त्याला माझी खानावळ आहे. नाव सांगत नाही. जाहिरात होईल म्हणून नव्हे. पुढचं वाचल्यावर तुम्हीच म्हणाल की नाव सांगितलं नाही ते बरं.

तर मी कढी चाखली का नाही? कारण सकाळचे सव्वाअकरा झाले होते आणि माझं तोंड साडेबारापर्यंत बंद होतं. मी उपास करत होतो. देवाचा नव्हे, विज्ञानाचा.

झालं असं, की त्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांनी माझं रक्त तपासलं आणि म्हणाले, "नाना, तुम्ही मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात." मी म्हटलं, मग आत न शिरता तसाच मागे फिरतो. डॉक्टर हसले नाहीत. दिवाळीनंतर पुन्हा तपासू, तोवर साखर उतरली नाही तर गोळ्या सुरू, असं म्हणाले. गोळीला मी घाबरत नव्हतो. पण आमची ही शेजारच्या खुर्चीवर बसली होती. माझ्या वडिलांचीही हीच खानावळ, हीच चूल, आणि शेवटी साखरेने त्यांचा एक पाय नेला. त्या पायाच्या जखमा तिने सून म्हणून धुतल्या आहेत. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ती एवढंच म्हणाली, "गोळी सुरू झाली काय चूल बंद. जागा त्या स्कूटर भाड्यान देणाऱ्याक देतंय." ती जे शांतपणे बोलते ते करते. ओरडून बोलते त्याचं काही वाटून घ्यायचं नसतं.

म्हणजे दिवाळीपर्यंत साखर उतरवायची, नाहीतर माझ्या चुलीच्या जागी पर्यटकांची हेल्मेटं टांगली जाणार.

अशा वेळी ठाण्याहून माझा मेव्हणा दिलीप आला. त्याने पट्ट्याला आतल्या बाजूने नवी भोकं पाडली होती आणि ती तो भेटेल त्याला दाखवत होता. "दाजी, सोप्पं आहे," तो म्हणाला, "सोळा तास पोट बंद, आठ तास उघडं. त्या आठ तासांत जेवा, बाकी वेळ पाणी आणि बिनसाखरेचा चहा." मग त्याने पेशींचं सांगितलं. पोटात अन्न येईनासं झालं की शरीराच्या पेशी आपली आपण साफसफाई करतात, जुनं मोडकं सामान काढून टाकतात. हे मला लगेच पटलं. खानावळीतही गिऱ्हाईक बसलेलं असेपर्यंत कढया घासून होत नाहीत. दार लोटून घेतल्याशिवाय सफाई कशी होणार? माझ्या पेशींनी जन्मभर रविवारची गर्दी बघितली होती, त्यांना एक सुट्टी द्यायलाच हवी होती. दिलीपने माझ्या मोबाइलवर एक घड्याळ बसवून दिलं. त्यात एक गोल हळूहळू भरत जाई. तो पूर्ण भरला की जेवायचं. गोल भरताना बघत बसण्यात माझ्या सकाळी जाऊ लागल्या.

पहिला आठवडा वाईट गेला. भुकेलेल्या माणसाने सकाळी सुरमई तळावी, यासारखी शिक्षा तुरुंगातही नसेल. पण दुसऱ्या आठवड्यात अंगात हलकेपणा आला, आणि तो थेट डोक्यात गेला. मी उपदेश करायला लागलो. मासे खायला आलेल्या माणसाला मी न खाण्याचे फायदे सांगू लागलो. दुसऱ्यांदा भात मागितला की मी विचारायचो, "पण शेवटचं कधी खाल्लंत?" एका बाईंनी घाबरून भात परत केला. आमच्या हिने मला बाजूला घेऊन विचारलं की धंदा कुठला चाललाय, खानावळ की आश्रम.

माझ्याकडे पुरावाही होता. भिकू तांडेल. जुन्या काळी मोठ्या होडीचा तांडेल, म्हणजे खलाशांचा मुखिया. वय नव्वदीच्या आसपास, नक्की त्यालाही माहीत नाही. काटकुळा, ताठ, दात स्वतःचे. रोज दुपारी माझ्याकडे एक ताट जेवतो, कित्येक वर्षं. दिवसाला एकच जेवण! मी पर्यटकांना तो लांबून दाखवायचो. "हे बघा, हा माणूस जन्मभर एकदाच जेवतोय. म्हणून टिकला." लोक फोटो काढायचे. एकदा नागपूरच्या एका गृहस्थांनी जवळ जाऊन नमस्कार केला आणि आजोबांना विचारलं, की एक वेळ जेवून इतकं आयुष्य कसं काढलंत. भिकू तांडेलाने माशाचा काटा बाजूला ठेवला.

"एक येळ कोण जेवता?" तो म्हणाला. "सकाळी उठान पेज आणि भाजलेलो बांगडो. सांजचा चेडू भाकरी आणि निस्ता धाडता. हयसर एकदाच जेवतंय, हेच्या दराक परवडणा नाय म्हणान."

चेडू म्हणजे मुलगी आणि निस्ता म्हणजे माशाचं कालवण, हे नागपूरच्या गृहस्थांना मलाच समजावून सांगावं लागलं. मी त्यांना भजी फुकट दिली.

इथवर सगळी गंमत. पण एक गोष्ट गमतीत बसत नाही, ती सांगून टाकतो. समोरच्या रिक्षा थांब्यावरचा पांडू माझं ऐकून सकाळचं खायचा बंद झाला. त्याला आधीपासून साखरेच्या गोळ्या चालू होत्या, त्या त्याने रिकाम्या पोटी घेतल्या. नवाच्या सुमारास रिक्षातच त्याला दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले. बाकीच्या रिक्षावाल्यांनी साखर चारून त्याला दवाखान्यात नेला म्हणून बरं. संध्याकाळी डॉक्टरांनी मला बोलावलं. "नाना, उपासाने वजन उतरतं, काहींची साखरही उतरते. तुम्ही करा, मी लक्ष ठेवतोय. पण गोळ्या खाणाऱ्याला हे परस्पर शिकवायचं नाही. तुम्ही तुमच्या चुलीवर काय ते शिजवा, माझ्या दवाखान्यात शिजवू नका." मी मान खाली घालून विचारलं, आयुष्य तरी वाढतं ना? ते म्हणाले, "उंदरांचं वाढलं म्हणतात. उंदरांना खानावळ नसते." पांडूला मी गोळ्यांबद्दल एका शब्दाने विचारलं नव्हतं. त्यानंतर माझा आश्रम बंद झाला.

आता चाखण्याचं. घड्याळाच्या हिशेबाने माझं तोंड साडेबाराला उघडायचं आणि खानावळ बाराला. म्हणजे सगळं रांधून, वाढून, लोक बोटं चाटत असताना मला पहिला थेंब मिळणार. मग मी एक तोड काढली. माझी आई गणपतीचा नैवेद्य करायची. नैवेद्य उष्टावता येत नाही, म्हणून पाच भाज्या, खीर, वडे, काही म्हणजे काही न चाखता करायची, आणि मीठ जिथल्या तिथे. आईच्या हाताला जमत होतं तर माझ्या का नाही? मी हे हिला मोठ्या ऐटीत सांगितलं. ती वडे थापत होती. वर न बघता म्हणाली, "देवान कधी मीठ ज्यास्त म्हणान ताट परत धाडल्यान काय?"

मी ते मनावर घेतलं नाही. त्याच आठवड्यात नवं आगळ आलं. आगळ म्हणजे कोकमाचा घट्ट रस, वर्षभर टिकावा म्हणून मीठ घालून बाटलीत भरतात. नारळाच्या दुधात तो ओतायचा, लसूण-मिरची ठेचून टाकायची, की झाली सोलकढी. माझं आगळ धामापूरच्या एका काकींकडून येतं. वळवाच्या पावसाने कोकमं भिजली, रस नासू नये म्हणून काकींनी मिठाचा हात सैल सोडला होता. त्यांनी मला तसं सांगितलंही होतं. पण चाखणाऱ्या माणसाला ऐकून लक्षात ठेवायची सवय नसते. मी आगळ ओतलं, आणि वरून माझं नेहमीचं मीठ घातलं. नैवेद्यासारखं. श्रद्धेने.

पहिला घोट पुण्याच्या एका कुटुंबाने घेतला. चौघांचेही चेहरे एकदम बारीक झाले. वडील सभ्य होते. "ही अशीच असते का हो?" त्यांनी विचारलं. माझं तोंड तर बंद, चव मला ठाऊकच नाही. मी म्हटलं, अस्सल आहे. वडील मुलाकडे वळून म्हणाले, "बघ, अस्सल." आणि त्या बिचाऱ्यांनी अस्सल म्हणून वाट्या संपवल्या. जाताना मोठ्या पाण्याच्या बाटल्या घेऊन गेले. मग भिकू तांडेलाने वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली आणि सगळ्या खानावळीला ऐकू जाईल असं म्हणाला, "जलम समुद्रार गेलो, पण समुद्र पियाची पाळी आजच इली."

त्यानंतर तो दोन दिवस आला नाही. भिकू तांडेल आला नाही की बंदरावर लोक विचारतात, आजारी आहे काय. या खेपेला कोणी विचारलं नाही. सगळ्यांना कारण माहीत होतं.

मग मी उपासाचं घड्याळ सरकवलं. दहा ते सहा खायचं, म्हणजे सकाळचं चाखणं आत आलं. पण सहाला तोंड बंद, आणि रात्रीचं कालवण सातला उकळतं. आखूड पांघरुणाचं असतं तसं झालं, डोकं झाकलं की पाय उघडे. शिवाय सहाला तोंड मिटून रात्री अकरापर्यंत लोकांना जेवताना बघायचं म्हणजे मी गिऱ्हाइकांच्या ताटाकडे अशा नजरेने बघायला लागलो की लोक ताट हाताने झाकायला लागले. पुन्हा साडेबारावर आलो.

मग चाखून थुंकायचं ठरवलं. गिळलं नाही तर उपास मोडत नाही, असा माझा कायदा. स्वयंपाकघरात थुंकणं हिने ऐकूनच घेतलं नसतं, म्हणून मी तिखल्याचा, म्हणजे तिरफळाचा मसाला घातलेल्या झणझणीत बांगड्याच्या कालवणाचा, चमचा तोंडात घेऊन मागच्या दाराने केळीपाशी जायचो. एक दिवस तिथल्या नळावर एक गिऱ्हाईक हात धूत होतं. त्याने काय पाहिलं? खानावळीचा मालक स्वतःच्या हातचं कालवण तोंडात घेतो, डोळे मिटतो, आणि पचकन थुंकतो. तो माणूस आत गेला, बायकोच्या कानात काही बोलला आणि दोघांनी ऑम्लेट मागवलं. केळ मात्र त्या वर्षी चांगली फोफावली. तिच्या घडाला तिरफळाचा वास येत होता, असं मी म्हणत असतो. कोणी विश्वास ठेवत नाही.

चाखणारा दुसरा माणूस नेमावा, हे शहाण्या माणसाला पहिल्याच दिवशी सुचलं असतं. पण माणूस कोण? आमची ही सोमवारी, गुरुवारी, संकष्टीला माशाचा थेंब तोंडात घेत नाही. उरलेल्या दिवशी तिला चमचा दिला की म्हणते, "बरां आसा." खारट असो, अळणी असो, बरां आसा. सकाळच्या धांदलीत नवऱ्याशी वाद नको, हे तिने फार पूर्वीच ठरवलंय. मासळीवाल्या सुशीलाबाईला चाखायला दिलं, तिने आणखी मिरची मागितली. दुसऱ्या दिवशी पोस्टातून निवृत्त झालेले शेजारचे अण्णा आले. त्यांना रक्तदाब. मीठ काढता येईल का, म्हणाले. मीठ काढण्याची विद्या मला येत असती तर भिकू तांडेल रुसला असता का?

राहिली होती एकच व्यक्ती, आणि तिचं नाव माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. माझी सून, वैशाली. कागलची. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने समुद्रात. सून दोन वर्षं आमच्याकडे. भात, चपात्या, गल्ला सगळं बघायची, पण कालवणाच्या पातेल्याला मी तिला हात लावू दिला नव्हता. घाटावरची माणसं. नारळाला खोबरं म्हणतात आणि मटणावाचून काही शिजवत नाहीत, असं माझं तिच्या माहेराविषयी संशोधन होतं. तिने तिरफळ पहिल्यांदा चावलं तेव्हा जीभ बधिर झाली म्हणून रडली होती. असली जीभ मी चाखायला घेऊ?

पण जूनमध्ये समुद्र बंद झाला, बोटी किनाऱ्यावर चढल्या, पर्यटक गेले. खानावळीत दिवसाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी ताटं. बिघडलं तरी थोड्याच लोकांचं बिघडेल, असा विचार करून मी तिच्या तळहातावर थेंब टाकला. तिने चाखलं. जीभ टाळ्याला लावून पुन्हा चाखलं.

"काय?" मी म्हटलं.

"मामा, चांगलं-वाईट मला नाही कळत तुमचं," ती म्हणाली. "पण कालच्यापेक्षा आंबट जास्त आहे. आणि परवा होतं ते कालच्यापेक्षाही बरं होतं."

मी डाव हातात धरून उभा राहिलो. कालचं तिला आठवत होतं, परवाचंही आठवत होतं. मला वाटत होतं की वैशाली दोन वर्षं नुसती जेवतेय. ती मुकाट्याने प्रत्येक घास लक्षात ठेवत होती. नव्या घरात माणूस आणखी काय करणार? आम्हाला सवय झालेली असते म्हणून आम्हाला चव कळत नाही, तिला सवय व्हायची होती म्हणून कळत होती.

अर्थात मी हे तिला बोललो नाही. मी म्हटलं, बघू.

पावसाळाभर बघितलं. ती सांगायची, मी घालायचो. मग ती सांगायची आणि घालायचीही, मी नुसता मोबाइलवरचा गोल बघायचो. एकदोनदा तिने मिरची भाजताना हात सोडला, तेव्हा "कागल, कागल" असं मी ओरडायचो, की ती थांबायची. एकदा मी ओरडलो नाही आणि तिखलं तसंच गेलं. लोकांनी वाट्या पुसून घेतल्या. त्याचं श्रेय मी अर्थातच बांगड्याला दिलं.

दिवाळी आली. पाडव्यानंतर दोन दिवसांनी डॉक्टरांनी रक्त द्यायला बोलावलं. सकाळी अनशापोटी एकदा, खाल्ल्यावर दोन तासांनी पुन्हा. दिवाळीच्या सुट्टीत मालवणात पाय ठेवायला जागा नसते, खानावळीबाहेर रांग लागते. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात जाऊ. ही चप्पल घालून दारात उभी होती. तिला निकाल स्वतःच्या कानाने ऐकायचा होता. चूल राहणार की स्कूटर येणार, ते त्या दिवशी ठरणार होतं. मी वैशालीला पन्नास सूचना केल्या. तिने मान डोलावली आणि एक प्रश्न विचारला. "मामा, आगळ नवीन बाटलीतलं आहे का जुन्या?" मला माहीत नव्हतं.

दवाखान्याच्या बाकावर मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो होतो. अकरा वाजले, आता ती वाटण टाकत असेल. साडेअकरा, आता तिरफळं ठेचत असेल. हिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तो हलायचा थांबवला. तीस वर्षांत त्या वेळी मी चुलीपासून लांब कधी नव्हतो.

एकाच्या सुमारास डॉक्टरांनी कागद वाचला. "उतरलीय. उंबरठ्यावरून पायरी खाली आलात. गोळी नको, पण असंच चालू ठेवा." मी हिच्याकडे बघितलं. तिने पदराने नाक पुसलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली. मग डॉक्टरांनी विचारलं की नक्की काय काय बंद केलंत. मी म्हटलं, खास काही नाही, सकाळचं फक्त चाखणं बंद केलं. चाखणं म्हणजे काय? मी सांगितलं. तिखल्याला मीठ लागलंय का बघायला भाकरीचा तुकडा. सुरमई कुरकुरीत झाली का ते बघायला शेपटीकडची तुकडी. वडा फुगलाय तो आतून शिजलाय का, म्हणून एक वडा, आणि एका वड्याने नक्की कळत नाही म्हणून दुसरा. दोनतीन सुंगटं, म्हणजे कोळंब्या. कढी अर्धी वाटी.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आणि मग जेवण वेगळं?"

"मग जेवण वेगळं."

ही खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "चाखूक चमचो लागता, ताट नाय. तीस वर्सां बघतंय मी." पेशींची साफसफाई खरोखर झाली की नुसता माझा चोरटा नाश्ता थांबला, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मी दिलीपला अजून पेशींचंच सांगतो. त्याला बरं वाटतं.

खानावळीत पोचलो तर रांग रस्त्यापर्यंत. मी मागच्या दाराने आत गेलो. वैशाली घामाने निथळत होती, डाव तिच्या हातात, पदर खोचलेला. साखर उतरली, असं मी सांगितलं. तिने एकदाच डोळे मिटले, आणि "मामा, बाजूला व्हा, कढी सांडेल," म्हणून मला माझ्याच चुलीपासून दूर सारलं. मी बाहेर आलो. भिकू तांडेल कोपऱ्यातल्या टेबलावर होता. तिखल्याची वाटी रिकामी. त्याने दुसरी मागवली होती. कित्येक वर्षांत मी त्याला दुसरी वाटी मागताना पाहिलं नव्हतं. तीही त्याने पुसून घेतली, वर कढी प्याला, आणि मग मला खूण केली. मी समोर जाऊन बसलो, माझ्या चुलीचं कौतुक ऐकायला.

"आज तू खंय होतंस?" त्याने विचारलं.

साखर तपासायला गेलो होतो, सांगितलं. उपासाने उतरली, गोळी टळली, आता आणखी पंचवीस वर्षं मरत नाही, असंही सांगितलं.  त्याने बोटं चाटली, फडक्याला पुसली.

"तुझ्या उपासान तुझा आयुष्य वाढला काय नाय, ता देवाक म्हायत," तो म्हणाला. "आमचा मात्र वाढला. आता म्हातारपणी परत चाखूक लागू नको."